तोट्यातली विमान कंपनी कोण विकत घेतं? एअरएशिया इंडियाची गोष्ट

(एपिसोडचं थोडं संपादित केलेलं लिखित रूप)

सुरुवात माझ्या जुन्या स्कूटरपासून करतो. दर महिन्याला तिच्यावर खर्च व्हायचा, पण विकवत नव्हती. कारण एकच, "एवढे पैसे घातलेत, आता कशी सोडू?" शेवटी गॅरेजवाला म्हणाला, "दादा, घातलेले गेले. पुढे किती घालणार ते बोला." आणि गंमत म्हणजे स्कूटर त्यानेच घेतली. त्याच्याकडे त्याच मॉडेलची गिऱ्हाइकं होती, पार्ट्स हवे होते.

आता हाच हिशेब विमान कंपनीला लावून बघू.

पोटची नव्हे, भागीदारीतली

एअरएशिया हा मलेशियाचा स्वस्त विमानसेवेचा ग्रुप. भारताने २०१२ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना इथल्या कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची परवानगी दिली. मग एअरएशिया ४९, टाटा सन्स ३० आणि टेलेस्ट्रा ट्रेडप्लेस २१ टक्के अशी भागीदारी झाली. १२ जून २०१४ ला पहिलं विमान उडालं, बंगळुरू ते गोवा. पुढे टेलेस्ट्रा बाहेर पडली आणि टाटांचा वाटा ५१ टक्क्यांवर गेला.

म्हणजे नाव मलेशियाचं, पण बहुमत इथलं. अशा कंपनीला संलग्न कंपनी म्हणतात. यात अडचण अशी, की तोटा झाला की भांडवल घालायला दोघांनी यायचं, पण शेवटचा शब्द मात्र तुमचा नाही.

तोटा का?

तिकीट रुपयात, विमानांचं भाडं डॉलरमध्ये. रुपया घसरला की खर्च आपोआप वाढतो. विमानाच्या इंधनावर राज्यांचा कर वेगळा. समोर इंडिगो, तीही ए-३२० जातीचीच विमानं घेऊन २००६ पासून उडत होती. स्वस्त विमानसेवेत आकार फार महत्त्वाचा. विमानं जास्त असली की प्रत्येक सीटमागचा खर्च कमी होतो.

त्यात परदेशी उड्डाणासाठी आधी पाच वर्षं आणि २० विमानं हवीत असा नियम होता. २०१६ मध्ये वर्षांची अट गेली, विमानांची राहिली. एअरएशियाची खरी ताकद एका देशातून दुसऱ्या देशात स्वस्तात नेण्याची, पण तिचा वाटा होता तोवर भारतीय कंपनीची नियमित परदेशी प्रवासी सेवा सुरू झालीच नाही.

२०२०: ठेवायची, विकायची की बंद करायची?

कोरोनात विमानं जमिनीवर आली. ग्रुपकडे स्वतःलाच पुरेल एवढा पैसा उरतो की नाही, अशी वेळ. मग बाहेरच्या कंपन्यांना कुठून देणार? एअरएशिया जपानची सेवा ऑक्टोबर २०२० मध्ये थांबली आणि पुढच्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी अशी बंद पडली, की कर्मचाऱ्याची नोकरी जाते आणि रिफंड मागणारा प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो.

भारतात तसं झालं नाही, कारण इथे गिऱ्हाईक घरातच होतं. डिसेंबर २०२० मध्ये टाटांनी ३२.६७ टक्के हिस्सा सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरला घ्यायचं ठरलं. या भावाने अख्ख्या कंपनीची किंमत होते साधारण साडेअकरा कोटी डॉलर. उरलेले १६.३३ टक्के २०२२ मध्ये सुमारे १५६ कोटी रुपयांना गेले.

टाटांनी का घेतली?

गॅरेजवाल्याने स्कूटर का घेतली, आठवतंय ना? परवाना, तयार पायलट आणि क्रू, विमानतळांवरच्या उड्डाणाच्या वेळा, हे सगळं नव्याने उभं करायला वर्षं लागतात. टाटांकडे विस्तारा आधीच होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही आली. त्यामुळे एकटी असताना लहान पडणारी कंपनी मोठ्या घरात कामाची ठरली. १ ऑक्टोबर २०२४ ला ती एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. नाव गेलं, विमानं उडत राहिली.

आणि हो, खुद्द एअरएशियासुद्धा अशीच विकली गेलेली! २००१ मध्ये टोनी फर्नांडिस यांनी ती घेतली, तेव्हा ती कर्जात बुडाली होती. किंमत होती फक्त एक रिंगिट, अर्थात कर्जाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात.

म्हणून पुढच्या वेळी "अमुक ग्रुप तोट्यातली कंपनी विकणार" अशी बातमी दिसली, की आजवर किती बुडाले हे वाचून थांबू नका. दोन प्रश्न विचारा. पुढचा रुपया कोण घालणार? आणि ही कंपनी कुणाला, कशासाठी हवी आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तिथल्या नोकऱ्या आणि तुमचं आगाऊ काढलेलं तिकीट, दोन्ही धोक्यात आहेत असं समजा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, तुमच्या घरातली "एवढे पैसे घातलेत" वाली वस्तू कोणती, ते नक्की कळवा!