भूगोलाचे मास्तर आणि पाचवा मुलगा

१९७६ साली कॉल्म ओ'कॉनेल नावाचे एक आयरिश शिक्षक केनियातल्या इटेन गावी भूगोल शिकवायला आले. पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक संघाचे ते सदस्य. ब्रदर म्हणजे व्रतस्थ, पण फादर नव्हे. तो मिस्सा करत नाही, शाळा सांभाळतो. आयर्लंडमध्ये १८०८ साली सुरू झालेल्या या संघाची शाळा आपल्याकडे चेन्नईच्या अड्यारमध्येही आहे.

इटेनच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये तेव्हा पीटर फॉस्टर नावाचे इंग्रज शिक्षक मुलांचा धावण्याचा सराव घेत. त्यांचे भाऊ ब्रेंडन फॉस्टर यांनी त्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं होतं. पुढे पीटर मायदेशी परतले आणि सरावाचं काम भूगोलाच्या मास्तरांकडे आलं. ब्रदर कॉल्मना धावण्यातलं काही कळत नव्हतं. ते स्वतः कधी धावपटू नव्हते, प्रशिक्षकाचं कसलं शिक्षणही घेतलेलं नव्हतं. हे त्यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितलं आहे. कळत नव्हतं म्हणून ते पाहत राहिले, आणि जे शिकायचं ते मुलांकडूनच शिकले.

बारा वर्षांनी, १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, या शाळेतून गेलेला पीटर रोनो १५०० मीटरची शर्यत जिंकला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच शाळेचा इब्राहिम हुसेन १९८७ साली न्यूयॉर्क मॅरेथॉन आणि १९८८ साली बॉस्टन मॅरेथॉन जिंकला. दोन्हीकडे तो पहिला आफ्रिकी विजेता. १९९७ साली विल्सन किपकेटरने ८०० मीटरचा विश्वविक्रम १ मिनिट ४१.११ सेकंदांवर नेऊन ठेवला. तोवर तो डेन्मार्ककडून धावू लागला होता, पण धावायला शिकला तो सेंट पॅट्रिक्समध्ये. तेरा वर्षं हा विक्रम कोणाला मोडता आला नाही. २०१०च्या ऑगस्टमध्ये तो आठवड्याभरात दोनदा मोडला डेव्हिड रुडिशाने. हा मसाई मुलगा इटेनच्याच किमुरोन शाळेत शिकला, आणि त्याचेही गुरू ब्रदर कॉल्मच. जगातला एक विक्रम एका मास्तरांच्या एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेला.

असं काही ऐकलं की आपण लगेच कारण शोधतो, आणि इटेनच्या बाबतीत ते पायाखालीच सापडतं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर, केरिओ खोऱ्याच्या कड्यावर वसलेलं आहे. महाबळेश्वर १३०० मीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करावा. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. मूत्रपिंडांना हे जाणवतं आणि ती एक संप्रेरक सोडतात. त्याच्या सांगण्यावरून हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतो. रक्त जास्त प्राणवायू वाहू लागतं. जन्मापासून अशा हवेत वाढलेलं, रोज डोंगरवाटा तुडवत शाळेत जाणारं मूल मैदानात उतरतं तेव्हा त्याची अर्धी तयारी झालेली असते. जेवण साधं: मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला उगाली, पालेभाजी, दूध, दुधाचा गोड चहा. आणि चपाती. हा शब्द आणि हा पदार्थ, दोन्ही हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांबरोबर तिथे पोचले आणि तिथलेच झाले. तांबड्या मातीच्या रस्त्याला तिथे 'मरम' म्हणतात. आपल्या मुरुमाशी त्याचं नातं कानालाच कळतं.

पण हवा, माती आणि उगाली १९७६च्या आधीही होते. त्यांच्या जोरावर किप केइनोसारखा धावपटू १९६८ साली मेक्सिकोत १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलाही होता. रोनोला तेच सुवर्ण मिळायला त्यानंतर वीस वर्षं लागली. मधल्या काळात जे उभं राहिलं ते उंचीमुळे नव्हे, शाळेमुळे, असं मला वाटतं. आणि शाळेतली धाव समजून घ्यायची तर क्रॉस कंट्रीकडे पाहावं लागतं.

हा खेळ जन्मला तोच शाळेत. एकोणिसाव्या शतकात श्रूसबरी आणि रग्बी या इंग्रजी निवासी शाळांतली मुलं ससा आणि शिकारी कुत्रे असा खेळ खेळत. दोघं 'ससे' कागदाचे कपटे टाकत रानात पुढे पळायचे, बाकीचे माग काढत चिखलातून, कुंपणांवरून, ओढ्यांतून त्यांच्यामागे. १८५७ साली आलेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत त्याचं वर्णन आहे. लेखक टॉमस ह्यूज त्या विचाराचे, ज्याला पुढे बलवान ख्रिस्तीपण म्हटलं गेलं: शरीर कसलं की चारित्र्य कसतं. बायबलमध्ये याला आधारही होता. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने श्रद्धेच्या जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. करिंथजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत, त्यामुळे ती उपमा वाचणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती. मिशनऱ्यांनी शाळांबरोबर हे मैदानही जगभर नेलं. त्यात साम्राज्याचा अहंकार होता, हे लपवण्यात अर्थ नाही: आम्ही शिकवणार, तुम्ही शिकणार. इटेनमध्ये हे उलटं झालं, मास्तरच मुलांकडून शिकले, म्हणून मला ही शाळा इतकी जवळची वाटते.

आता या खेळाचं गणित. धावणारा एकटा धावतो, पण निकाल संघाचा लागतो. पहिल्या आलेल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, चाळिसाव्याला चाळीस. संघातल्या ठरलेल्या संख्येच्या धावपटूंचे क्रमांक मिळवायचे; ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकला. किती जणांचे क्रमांक धरायचे हे स्पर्धेनुसार बदलतं. अमेरिकेतल्या शाळांत साधारण सात धावतात आणि पाच धरले जातात. समजा एका शाळेची मुलं १, २, ३, ४० आणि ४४ या क्रमांकांनी आली. बेरीज ९०. दुसऱ्या शाळेची १२, १५, १७, १९, २२. बेरीज ८५. पहिल्या शाळेने शर्यतीतली तिन्ही पदकं नेली, आणि करंडक मात्र दुसरीकडे गेला. पहिल्या मुलाने आणखी दहा सेकंद लवकर यायचं ठरवलं तरी त्याचा एक गुण काही पाऊण होत नाही. चव्वेचाळिसाव्या क्रमांकावरचा मुलगा दहा सेकंद लवकर आला, तर तिथल्या गर्दीत तो सहज सात-आठ जणांना मागे टाकतो.

मार्च १९८८मध्ये ऑकलंडला झालेल्या जागतिक क्रॉस कंट्रीत पुरुषांच्या शर्यतीत पहिल्या नऊ जणांत आठ केनियाचे होते. तेव्हा सहा जणांचे क्रमांक धरत. केनियाची बेरीज २३ आली. सहा जणांची कमीत कमी बेरीज २१ होऊ शकते. १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षं केनियाच्या पुरुषांनी हे सांघिक विजेतेपद सोडलं नाही. एका अद्भुत माणसाच्या जिवावर १८ वर्षं निघत नाहीत. त्याला सहावा माणूसही जवळपास पहिल्याइतकाच चांगला असावा लागतो, आणि असे सहावे तयार होतात ते शाळा-शाळांतून. केनियातली शालेय स्पर्धा झोनपासून सुरू होते, मग उपकाउंटी, काउंटी, विभाग आणि शेवटी राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर गळती असते. इटेनच्या आसपास तर झोनच्या पायरीवरच इतका कस लागतो की तिथे मागे पडलेला मुलगा दुसऱ्या एखाद्या देशात सहज पहिला आला असता.

या गर्दीत ब्रदर कॉल्मनी जे केलं ते ऐकायला फार साधं आहे. १९८९पासून त्यांनी शाळेच्या सुट्ट्यांत, म्हणजे एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये, शिबिरं भरवायला सुरुवात केली. त्यात मुलींना आणलं. शाळा संपली की लग्न आणि लग्न झालं की धावणं बंद, हा तिथल्या मुलींचा ठरलेला रस्ता होता. शिबिराने त्यात निदान एक फाटा फोडला. सरावात दमवणं कमी आणि घडवणं जास्त. सकाळची धाव इतकी हळू सुरू होते की बाहेरून आलेल्या हौशी धावपटूलाही वाटावं, आपण यांच्याबरोबर राहू शकू. घोळका एका लयीत चालतो, पावलांचा आवाज एक होत जातो आणि वेग नकळत चढतो. नंतर अंगाच्या ठेवणीचे व्यायाम, तेच तेच, कंटाळा येईपर्यंत. कॉल्म चार गोष्टींवर भर देतात: चित्त, शरीराची सरळ रेषा, स्थैर्य आणि वेळेचा मेळ. स्टॉपवॉच या चौघांनंतर येतं. वाढत्या वयातल्या मुलाकडून मोठ्यांचे किलोमीटर करून घेतले की तो कुमार गटात चमकतो आणि विशीत नाहीसा होतो, हे जगभर दिसतं. आपल्याकडेही दिसतं. कॉल्मनी रुडिशाला हाताशी धरलं तेव्हा तो ४०० मीटर धावायचा. त्याला त्यांनी ८००कडे वळवलं आणि मग घाई केली नाही.

९ ऑगस्ट २०१२ला लंडनमध्ये त्याचं फळ दिसलं. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत रुडिशा सुरुवातीपासून पुढे राहिला, पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत काढली आणि १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा नवा विश्वविक्रम केला. मला त्या शर्यतीत सर्वांत मोलाचा वाटतो तो आठवा क्रमांक. ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी शेवटचा आला, १ मिनिट ४३.७७ सेकंदांत. त्या वेळेवर त्याला आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत सुवर्ण मिळालं असतं. पुढच्याने कोणाची वाट अडवली नाही, डाव टाकला नाही, फक्त धावला; त्याच्या मागे जवळपास सगळेच आपापल्या मर्यादेच्या पलीकडे गेले.

इटेनची गोष्ट एवढ्यावर थांबवणं खोटेपणाचं होईल. धावण्यातून पैसा आला आणि पैशामागे औषधं विकणारे, खोटे प्रशिक्षक आणि मुलींच्या कमाईवर डोळा ठेवणारे पुरुषही आले. उत्तेजकांपायी केनियाचे कितीतरी धावपटू निलंबित झाले. २०१५ची जागतिक क्रॉस कंट्री विजेती अॅग्नेस तिरोप १३ ऑक्टोबर २०२१ रोजी इटेनमधल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. तिच्यावर चाकूचे वार होते, आणि खुनाचा आरोप तिच्या पतीवर ठेवला गेला. ती २५ वर्षांची होती. त्याच्या महिनाभर आधीच तिने जर्मनीत फक्त महिलांच्या १० किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. तिच्यामागे सहकारी धावपटूंनी 'तिरोप्स एंजल्स' ही संस्था काढली; घरात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी ती काम करते. मुलीला धावायला शिकवलं म्हणजे काम संपलं नाही. धावून मिळवलेलं तिच्या हातात राहील याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न प्रत्येक शाळेला आणि प्रत्येक प्रशिक्षकाला विचारायला हवा.

आणि उंचीचंच म्हणाल, तर आपलं नाशिक जेमतेम सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली सावरपाड्याची कविता राऊत घडली आणि तिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं. उंची नसली तरी पाहणारा माणूस असावा लागतो, एवढं त्यावरून म्हणता येतं.

असा पाहणारा माणूस मला शाळेतच भेटला. नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत मी शिकलो. जिल्ह्याच्या क्रॉस कंट्रीत आमच्या संघात मी पाचवा, म्हणजे क्रमांक धरल्या जाणाऱ्यांत शेवटचा. मुरमाचा रस्ता, मग नांगरट, मग एक बांध आणि पुन्हा रस्ता. शेवटच्या दोनशे मीटरवर मला वाटलं, तिसाव्यात काय अन् चाळिसाव्यात काय, आणि मी पाय ढिले सोडले. दोन मुलं शेजारून पुढे गेली. सर अंतिम रेषेपाशी उभे होते. आमचा पहिला मुलगा केव्हाच येऊन पाणी पीत बसला होता, तरी ते तिथून हलले नव्हते. मला ते काहीच बोलले नाहीत.

बक्षीस समारंभ झाल्यावर त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढून माझ्या हातात दिला. ६, ११, १९, २४, ३४. बेरीज ९४. शेजारी जिंकलेल्या शाळेची बेरीज, ९३. माझ्या चौतीसभोवती त्यांनी पेन्सिलने गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं: सोमवार, पहाटे साडेपाच, फाटकापाशी.