गेमच्या पेटीतला संगणक आणि अर्थिंगची तार

व्हिडिओ गेमच्या जुन्या पेट्यांत आता मूळ सर्किटच्या जागी साधा संगणक बसवतात. पेटी सुतार बनवतो, संगणक दुकानदार देतो, आणि वीजजोडणीची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. खेळणारी मुले असतात आणि नाणे टाकायचा लोखंडी दरवाजा त्यांच्या अंगाला लागतो. म्हणून हे काम करणाऱ्या कारागीर बांधवांनी आधी अर्थिंग पाहावे, बाकी सारे नंतर.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात. ते फेज व न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थ तुटलेली असेल तर डब्यावर सुमारे 115 व्होल्ट दाब येतो. टेस्टर पेटतो, हाताला झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण उद्या आतली फेजची तार सोलून पत्र्याला लागली, तर तोच पत्रा जीव घेईल.

काही वायरमन बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. हे कधीही चालू देऊ नका. न्यूट्रल तुटली की सगळा पत्रा 230 व्होल्टवर येतो.

आता स्पाईक बस्टर. त्यात व्हॅरिस्टर नावाची बटणाएवढी चकती असते. दाब क्षणभर फार वाढला की ती जादा वीज न्यूट्रल व अर्थकडे वळवते. अर्थच नसेल तर तिचे निम्मे काम बंद. प्रत्येक झटक्याने चकती झिजते, म्हणून संरक्षणाचा दिवा असलेलाच घ्यावा आणि तो विझल्यावर बदलावा. वीज तासन्‌तास कमी-जास्त होत असेल तर स्पाईक बस्टर उपयोगाचा नाही. तिथे स्टॅबिलायझर किंवा यूपीएस हवा.

जोडणी अशी करावी :

1. तीन तारांची एकच केबल पेटीत घ्यावी व आत क्लॅम्पने आवळावी, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

2. स्पाईक बस्टर तळाला न ठेवता बाजूच्या फळीवर उंच बसवावा. फरशी पुसताना पाणी आत जाते.

3. नाण्याच्या दरवाजाला वेगळी हिरवी तार, थिंबल लावून, रंग खरवडून नट-बोल्टने कसावी.

4. बटणांच्या 5 व्होल्टच्या तारा 230 व्होल्टच्या तारांपासून दूर न्याव्यात.

5. हवेसाठी खाली व मागे वर भोके ठेवावीत.

जुना काचेच्या नळीचा पडदा असेल तर आत हात घालू नका. वीज बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्ट राहतात.

मालकाने दुकानच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि दर पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे. पेटी ताब्यात देण्याआधी वायरमनला समोर उभे करून दरवाजापासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत तार अखंड आहे, हे मीटर लावून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे; तोवर पैसे देऊ नयेत.