शॅमेलिऑनचे पिलू : नर की मादी, आणि मूळचे कोठले?

मादागास्कर हे आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरात वसलेले एक विशाल बेट होय. शॅमेलिऑन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरड्यांच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती याच बेटावर आढळतात. त्यांपैकी पँथर शॅमेलिऑन ही जाती बेटाच्या उत्तर व पूर्व किनाऱ्यांलगतच्या सखल प्रदेशात राहते. नराच्या झगझगीत रंगांमुळे युरोप व अमेरिकेत हा प्राणी हौसेने पाळला जातो. पिलू विकत देताना विक्रेता बहुधा दोन गोष्टी सांगतो : ते नर आहे की मादी, आणि त्याचे कूळ मादागास्करच्या कोणत्या भागातील आहे. पिलाकडे केवळ पाहून या दोन गोष्टींचा निर्णय कितपत करता येतो, हे आता पाहू.

लिंगाची ओळख

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू करड्या-तपकिरी रंगाचे असते. नर व मादी यांत त्या वेळी सहज ओळखता येईल असा भेद नसतो. नराच्या प्रजननेंद्रियांची जोडी शेपटीच्या मुळाशी आत दडलेली असते. तिची वाढ होऊ लागली म्हणजे तेथे फुगवटा येतो. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून तो दिसू लागतो. मादीची शेपटी मात्र मुळापासूनच एकसारखी निमुळती होत जाते. एकाच वेळी जन्मलेली भावंडे शेजारी ठेवून पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मात्र शेपटी दाबून पाहणे इजा करणारे आहे.

ही खूण सर्व जातींना सारखी लागू पडत नाही. येमेन व सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेल्या शॅमेलिऑनच्या नराला जन्मतःच मागच्या पायाच्या टाचेवर बारीकसा उंचवटा असतो. म्हणून पिलाची जाती कोणती, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

लिंग ओळखण्यात चूक झाली, तर तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात. नराचा सहवास नसतानाही वयात आलेली मादी अंडी घालते व त्यासाठी तिला ओलसर माती उकरावी लागते. तिला नर समजून मातीविना ठेवले, तर अंडी पोटातच अडकून ती दगावण्याचा संभव असतो.

मूळ स्थानाची ओळख

प्रौढ नराचे रंग प्रदेशपरत्वे बदलतात. नोसी बे या बेटावरील नर निळसर हिरवा असतो. आंबिलोबेकडील नरावर लाल व निळे पट्टे आढळतात. परंतु हे रंग पूर्णपणे उमटण्यास सुमारे एक वर्ष लागते. माद्या तर सर्वत्र बहुतांशी फिकट तपकिरी किंवा गुलाबीसर असतात. तेव्हा पिलाचे अथवा मादीचे मूळ स्थान नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

जिनीव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करमधील सहकाऱ्यांसमवेत 324 प्राण्यांच्या रक्ताची व रंगांची तपासणी करून 2015 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रदेशांतील गटांचा परस्परांशी संकर फारच थोडा होतो, असे त्यांना आढळले. ज्याला आपण एक जाती समजतो, तो वस्तुतः 11 जातींचा समूह असावा, असे त्यांनी सुचविले. प्रौढ नराच्या रंगांच्या सूक्ष्म मांडणीवरून त्याचा गट ओळखता येतो, हेही त्यांनी दाखविले.

यावरून मूळ स्थानाच्या नोंदीचे महत्त्व ध्यानात येईल. मादीच्या नोंदीत चूक असेल, तर तिच्या रंगावरून ती उघडकीस येत नाही. मग दोन भिन्न प्रदेशांतील प्राण्यांची जोडी लावली जाते आणि त्यांची संतती एकाच प्रदेशाच्या नावाने विकली जाते. अशा रीतीने निसर्गाने दीर्घकाळ विलग ठेवलेले वंश पाळीव प्राण्यांत नकळत मिसळून जातात. म्हणूनच आईबापांचे मूळ स्थान, अंडी घातल्याचा दिवस व पिलू जन्मल्याचा दिवस यांची लेखी नोंद पिलासोबत असणे अगत्याचे आहे. ती नसल्यास ‘मूळ स्थान अज्ञात’ असे लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

भारतातही शॅमेलिऑनची एक जाती झाडाझुडपांत आढळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये तिला संरक्षण असल्याने ती पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. तिचे निरीक्षण तिच्या फांदीवरच, दुरून करावे.