समुद्राच्या तळावरून सायकल

बॅगा नंतर भरा, आधी इकडे बसा दोघं. आत्याकडे मिसूरीला निघालात, पण तिथे पोचल्यावर ती तुम्हाला सायकलवर बसवून कुठे नेणार आहे, हे सांगितलंय का तिने? समुद्राच्या तळावर. हसू नकोस गं चिंगे. नकाशा उघड. आत्याचं कोलंबिया गाव अमेरिकेच्या ऐन पोटात आहे, समुद्र तिथून हजारेक किलोमीटर लांब. तरीही सांगतो ते खरं आहे.

तिथे केटी ट्रेल नावाची वाट आहे. लांबी सुमारे ३८६ किलोमीटर. पुण्याहून निघालात तर बेळगाव मागे पडेल. या वाटेवर मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. गावातले रस्ते अधूनमधून आडवे जातात, तेवढंच. आणि डांबरही नाही. पांढुरक्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलाय. हल्ली अशा वाटांसाठी जरा रुंद टायरची ‘ग्रॅव्हल बाइक’ मिळते, आत्याकडे आहेच. पण खरं सांगू, साध्या सायकलनेही चालतं. चाकाखाली कुरकुर आवाज येत राहतो. त्या आवाजाचीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्याकडची खडी काळी असते. का? सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, तो फोडला की काळा बेसॉल्टच हाती लागणार. तिथली खडी पांढरी, कारण तो दगड आगीतून नाही, पाण्यातून जन्मला. त्याला चुनखडक म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशीसुद्धा चुनखडकाचीच, म्हणून तर लिंबू सांडलं की तुमची आजी ओरडते.

चौतीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरही जन्मले नव्हते तेव्हा, मिसूरी विषुववृत्ताजवळ होतं. हो, जमिनी सरकतात. ती गोष्ट पुन्हा कधी. तर तेव्हा तिथे उथळ, उबदार समुद्र होता, आणि त्याच्या तळावर क्रिनॉइड नावाचे प्राणी दाटीने उभे असायचे. बघणाऱ्याला वाटावं फूल: खाली लांब देठ, वर पिसांसारखे हात. पण आहे प्राणी, तारामाशाच्या नात्यातला. हात पसरून उभं राहायचं आणि वाहत्या पाण्यातले बारीक जीव पकडून खायचे. त्याचं देठ चकत्यांचं बनलेलं, बांगड्यांची चवड रचावी तसं. प्राणी मेला की मांस कुजायचं, चकत्या सुट्या होऊन तळावर विखुरायच्या. मग पुढची पिढी, तिच्या चकत्या. असं लाखो वर्षं चाललं. खालचे थर वरच्या ओझ्याने दबले, चिकटले, दगड झाले. भूशास्त्रज्ञ त्याला बर्लिंग्टन चुनखडक म्हणतात. त्यात बराचसा भाग या क्रिनॉइडांच्याच तुकड्यांचा आहे.

रोशपोर्ट नावाचं इवलंसं गाव लागेल. तिथून वाटेच्या एका हाताला उंच पांढरे कडे सुरू होतात, दुसऱ्या हाताला मिसूरी नदी. तिथे उतरा आणि कड्याला नाक लावून बघा. कुठे चकती दिसेल, कुठे तुटका देठ. ऊन असेल तर चमकेलही, कारण यातली प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा एकच अखंड स्फटिक असतो. बघायचं, बोट लावायचं, फोडायचं नाही. आपल्या महाराष्ट्राने राज्यप्राणी म्हणून शेकरू निवडला ना? मिसूरीने १९८९ साली राज्याचा जीवाश्म निवडला, तो क्रिनॉइड. आणि त्यासाठी सरकारच्या मागे लागली होती शाळेतली पोरं. तुमच्यासारखी, पण नेटाने एका गोष्टीच्या मागे लागणारी! आणि क्रिनॉइड संपले असंही समजू नका. समुद्रात आजही त्यांच्या शेकडो जाती आहेत.

चुनखडकाचा चुराच का वापरतात, ते विचारलंच नाहीस. त्यात खड्यांबरोबर पिठासारखी भुकटी असते. पाऊस पडला की ती फटींत जाऊन बसते, आणि वाळली की सगळं घट्ट धरून ठेवते. म्हणून चाक रुतत नाही.

आता दुसरी गंमत. एवढं अंतर जाऊनही नदीकाठच्या भागात चढ जवळपास लागतच नाही. मी या वयात चालवली म्हणजे बघा. ही मेहेरबानी कुणाची? ही वाट मुळात आगगाडीची होती: मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे, लोकांच्या तोंडी केटी. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी अडतं, म्हणून एक इंजिन शेकडो टन ओढून नेतं. पण त्याच कारणाने चढावर त्याची पकड सुटते. आपल्या बोरघाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट चढ आहे. तेवढ्यासाठी मागून जोडीची बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं. केटीच्या इंजिनिअरांनी ती कटकट टाळली आणि नदीचा काठ धरला. खालच्या भागात मिसूरी मैलाला जेमतेम फूटभर उतरते. म्हणजे उतार आखला नदीने, तो उचलला रेल्वेने, आणि आयता मिळाला आपल्याला. फक्त रोशपोर्टजवळ कडा आडवा आला, तिथे त्यांनी १८९३ च्या सुमारास २४३ फुटांचा बोगदा खणला. त्यातून जाताना ओरडायचं असेल तर ओरडा, मीही ओरडलो होतो. पुढे बूनव्हिलच्या पश्चिमेला मात्र वाट नदी सोडते आणि मग मांड्यांना कळतं, नदी किती कामाची होती ते.

१९८६ मध्ये ही गाडी बंद पडली. अमेरिकेत १९८३ साली एक शहाणा कायदा झाला होता: बंद पडलेला रेल्वेमार्ग मोडून तुकडे करू नका, उद्या लागला तर असावा म्हणून अखंड राखा, तोवर लोकांना चालू द्या. टेड जोन्स नावाच्या उद्योजकाने आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी केटीचा मार्ग असा राखण्यासाठी मोठी देणगी दिली. काठचे काही शेतकरी चिडले, कोर्टात गेले. त्यांचंही अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही; आजोबा-पणजोबांनी जागा आगगाडीसाठी दिली होती, सायकलवाल्यांसाठी नव्हे. पण वाट टिकली, आणि १९९० मध्ये पहिला तुकडा रोशपोर्टलाच खुला झाला.

आता नदी. हिमयुगात उत्तरेकडून बर्फाची प्रचंड चादर सरकत आली आणि साधारण आजच्या मिसूरी नदीच्या पट्ट्यापर्यंत पोचून थबकली. बर्फाच्या कडेकडेने वितळलेलं पाणी वाट शोधत वाहिलं, त्यातून नदीने आजचा मार्ग धरला. चुनखडक कापत तिने कडे उभे केले. चुनखडक तसा पाण्यात हळूहळू विरघळतोही. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आंबट झालेलं असतं ना! म्हणून त्या राज्यात हजारो गुहा आहेत. भर जुलैत कड्याच्या एखाद्या भेगेजवळून जाताना पायाला गार झुळूक लागेल. भूत नाही ते. गुहेतली हवा बारा महिने साधारण तेरा-चौदा अंशांवर असते, आणि गार हवा जड म्हणून खालून बाहेर सरकते.

नदी मात्र गरीब गाय नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात तिला असा पूर आला की ही नवीकोरी वाट कित्येक ठिकाणी वाहून गेली. शेतांभोवतीचे मातीचे बांध फुटले, आणि जिथे फुटले तिथे पाण्याने जमीन खोल खरवडून काढली. त्यातले काही खड्डे पुढे भरलेलेच राहिले. शेताच्या मधोमध गोल तळं दिसलं आणि बाजूचा बांध वळसा घेऊन गेलेला दिसला, तर समजा, इथे कधीतरी नदी आत घुसली होती.

मॅकबेनजवळ शेतात एकटा ओक उभा आहे, बर ओक जातीचा, साडेतीनशे-चारशे वर्षांचा. म्हणजे शिवरायांच्या काळात तो रोपटं असणार! १९९३ चा पूर त्याने पाण्यात उभं राहून काढला. २०२० मध्ये वीज पडून खोडाला आतून आग लागली, अग्निशमन दलाने विझवली, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पालवी फुटली. या जातीची साल जाडजूड असते, गवताळ प्रदेशातल्या वणव्यांत राहायची सवय असलेली.

तिथेच पुढे ईगल ब्लफ्स म्हणून मोठी पाणथळ आहे. हिवाळ्यात गरुड, येण्याजाण्याच्या दिवसांत बदकांचे नि पेलिकनांचे थवे. आता नाक मुरडू नका: ते पाणी बरंचसं कोलंबिया शहराच्या सांडपाण्याचं आहे. आधी ते प्रक्रिया केंद्रात शुद्ध होतं, मग पाणकणसांनी भरलेल्या कृत्रिम दलदलीतून झिरपत जातं. तिथे मुळांशी राहणारे जीवाणू उरलेली घाण फस्त करतात. मग ते पाणी पक्ष्यांना. आत्याच्या मोरीतलं पाणीही त्यातच. आपल्या मुळा-मुठेचं असं काही झालं तर मी रोज दुर्बीण घेऊन पुलावर उभा राहीन. असो.

परत आल्यावर सायकल पांढरी झालेली दिसेल. लगेच धुवू नका. चाकावरच्या पत्र्यावरची थोडी धूळ बशीत झाडा आणि वर लिंबू पिळा. बारीक फेस येईल. त्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड असतो. क्रिनॉइडांनी समुद्रातून घेऊन अंगाच्या चकत्यांत बांधलेला, चौतीस कोटी वर्षं दगडात अडकलेला वायू तुमच्या बशीतून सुटून स्वयंपाकघरात येईल. बशी आत्याची चांगली घेऊ नका. फोन मला येतो नंतर.