हात साफ करा, पण भंगारातल्या बॉनेटवर

काशीतली देवदिवाळी. पंचगंगा घाटावरचा अहिल्याबाईंचा हजारा दीपस्तंभ उजळतो आणि शेजारी ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांमध्ये पुण्या-नागपूरकडचे पाहुणे दाटीवाटीने उतरतात. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून नव्या कोऱ्या गाडीने काशी करण्याचे बेत जोरात आहेत. गाडी घाटापर्यंत मात्र येत नाही. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात ब्रह्मा घाट बांधून घेतला. तिथल्या गल्ल्या आजही दोन माणसं आणि एक सांड यांच्याच मापाच्या आहेत. त्यामुळे ‘गाडी मैदागिनकडेच लावा आणि चालत या’ हे यजमानांचं पहिलं वाक्य.

तिकडे पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर चौदाशे किलोमीटरची धूळ, चिकटलेले किडे आणि कबुतरांची कृपा. मग कुणीतरी प्रेमाने कोरडं फडकं फिरवतं. नव्या गाडीचं पहिलं नुकसान इथे होतं. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती रंगावर दाबून फिरवली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसू लागतात. आपल्या सोसायट्यांत एका बादलीच्या पाण्यात आठ गाड्या पुसणारे दादा वर्षभर हेच करतात, आणि महिन्याला आपण त्याचे पैसेही देतो. चरे दिसले की मालक इंटरनेटवर पॉलिशिंग मशीन शोधायला लागतो.

बाजारात दोन जाती आहेत. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचं पॅड फिरतं आणि डोलतंही; जास्त दाबलं तर फिरायचंच थांबतं. रोटरीचं पॅड एकाच आसावर फिरतं आणि दाबलं म्हणून थांबत नाही. तिची ताकद यातच आहे आणि धोकाही यातच. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचं ‘रबिंग’ वर्षानुवर्षं याच मशीनवर चालत आलंय.

रबिंग म्हणजे चरे भरणं, असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात चऱ्याच्या आजूबाजूचा थर खरवडून पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट धरून साधारण 100 ते 140 मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50. डोक्यावरचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा, म्हणजे आपण अर्ध्या केसाच्या जाडीवर यंत्र चालवतो आहोत. जोरकस रबिंगमध्ये दर वेळी दोन-तीन मायक्रॉन सहज जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून माझ्या मते मशीनच्या आधी रंगाची जाडी मोजणारं मीटर हवं. एका दारावर 120 आणि शेजारच्या दारावर 250 आकडा आला, तर ते शेजारचं दार पुन्हा रंगवलेलं आहे. सेकंडहँड गाडी घेतानाही हे मीटर विकणाऱ्याचं तोंड बंद करतं.

काही जण घरातल्या अँगल ग्राइंडरलाच पॅड लावतात. हा उद्योग कृपया नको. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो, रोटरी पॉलिशर सहाशे ते तीन हजार. त्यातही नवशिक्याने पंधराशेच्या वर जायचं कारण नाही.

सुरुवात धुण्याने होते, मग क्ले बारने रंगात रुतलेले कण काढायचे. काठ, कडा, बॉनेटवरची उठावाची रेघ यांवर मास्किंग टेप लावायचा, कारण तिथे थर सगळ्यांत पातळ असतो आणि रंग जळतो तो तिथेच. पॅड फोमचं घ्या. लोकरीचं सराव झाल्यावर. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर तीच पत्र्यावर घासत राहते. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग धरायचा, कंपाउंडचे चार-पाच वाटाण्याएवढे थेंब, आधी सहाशेवर पसरायचे आणि मग वेग वाढवायचा. आडवं, मग उभं, सावकाश, पण एका जागी क्षणभरही न थांबता. मशीनच्या वजनापलीकडे जोर लावायचा नाही. दुधाळ कंपाउंड हळूहळू पारदर्शक होत जातं. तेव्हा थांबून पत्र्यावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर उशीर झालाय. प्लॅस्टिकच्या बंपरवर दुप्पट सावधगिरी हवी, कारण तिथली उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही.

एवढं करूनही रोटरी आपल्या खुणा सोडते. उन्हात तिरकं पाहिलं की हलणाऱ्या सावल्यांसारखे पट्टे दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा दुसरा हात दिल्याशिवाय, किंवा शेवटी ड्युअल अ‍ॅक्शन फिरवल्याशिवाय ते जात नाहीत. काही पॉलिशमधलं तेल चरे झाकतं आणि दोन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. स्टुडिओच्या पांढऱ्या दिव्याखाली गाडी ताब्यात घेऊ नका, बाहेर उन्हात आणायला सांगा. सिरॅमिक कोटिंगची पॅकेजं विकणारे याबद्दल बोलत नाहीत. कोटिंगखाली राहिलेला होलोग्राम कोटिंग असेपर्यंत तसाच राहतो.

नव्या गाडीला रोटरीची गरज नाही. तिला भरपूर पाणी, दोन बादल्या आणि स्वच्छ मायक्रोफायबर द्या, आणि कोरडं फडकं मारणाऱ्याला हात जोडून थांबवा. मशीन शिकायचंच असेल, आणि शिकावं असं माझं मत आहे, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा जवळच्या भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट घेऊन या आणि मुद्दाम एका कोपऱ्यावर रंग जाळून पाहा. तो किती पटकन जळतो हे कळल्याशिवाय स्वतःच्या गाडीला हात लावू नका.