मोटर चालते, म्हणजे अर्थिंग शाबूत आहे?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड-भीमेच्या काठी शेतीपंप आहेत, तर रांजणगाव आणि कुरकुंभला कारखाने. दोन्हीकडे अर्थिंग तुटलं तरी यंत्र बिनतक्रार चालतं. त्यामुळे बिघाड कळतो तो झटका बसल्यावरच. देखभाल टाळण्यामागचे हे नेहमीचे गैरसमज :

गैरसमज : एकदा पाईप पुरला की काम संपलं.
वस्तुस्थिती : जीआय पाईप आणि पट्टी गंजते, नट-बोल्ट सैल होतात, अर्थची वायर नांगरटीत किंवा जेसीबीने तुटते. वर्षातून एकदा जोड उघडून, घासून, पुन्हा आवळायला हवेत.

गैरसमज : पावसाळ्यात तपासलं, ठीक होतं.
वस्तुस्थिती : ओल्या जमिनीत अर्थिंगच्या रोधाचा आकडा चांगलाच येतो. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. एप्रिल-मेमध्ये माती-मुरूम सुकला की रोध वाढतो, म्हणून खरी परीक्षा तेव्हाच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनीही वीजपुरवठादाराला दोन वर्षांतून किमान एकदा, कोरड्या ऋतूत कोरड्या दिवशीच मोजणी करायला सांगितलं होतं.

गैरसमज : एमसीबी आहे, अर्थिंगकडे कशाला बघायचं?
वस्तुस्थिती : हिशेब करून पाहा. अर्थिंगचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्टला जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी त्याने पडणारच नाही आणि मोटरीच्या लोखंडी अंगात करंट तसाच राहील. म्हणून घराला आणि गोठ्याला चांगल्या अर्थिंगसोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावं.

गैरसमज : अर्थ नसेल तर न्यूट्रल जोडला तरी चालतं.
वस्तुस्थिती : डीपीकडून येणारा न्यूट्रल वाटेत कुठे तुटला, तर चालू उपकरणातून फिरून वीज थेट फ्रिजच्या किंवा मोटरीच्या पत्र्यात उतरते. हा जुगाड जीवघेणा आहे.

गैरसमज : मीठ-पाणी ओतलं की अर्थिंग नवं होतं.
वस्तुस्थिती : मिठाने रोध काही काळ उतरतो, पण पाण्याबरोबर मीठ वाहून जातं आणि असेपर्यंत पाईप खातं. उन्हाळ्यात खड्ड्याला नियमित पाणी द्यावं, ते योग्यच. मात्र मोजणीच्या सकाळी बादलीभर पाणी ओतून आकडा खाली आणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच परवानाधारक वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा. मेन स्विच बंद केल्याशिवाय अर्थची वायर सोडू देऊ नका. आलेला आकडा तारखेसह स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये तो बराच वाढलेला दिसला, तर दुरुस्ती त्याच आठवड्यात करा.