मावशी कोण होणार?

हौशी नाट्यमंडळाने साडी नेसलेल्या पुरुषाचं विनोदी नाटक करायला घेतलं, की संहितेच्या वाचनाआधीच चर्चा सुरू होते ती मावशी कोण करणार याची. मग मंडळातल्या सगळ्यात सडपातळ मुलाकडे नजरा वळतात. नाहीतर उलट, सगळ्यात आडदांड गड्याला पुढे ढकललं जातं, कारण मिशा आणि नऊवारी एकत्र दिसल्या की हशा हमखास. या दोन्ही निवडी शरीर बघून होतात, अभिनय बघून होत नाहीत. अशा नाटकाचं निम्मं यश ऑडिशनमध्येच ठरतं. म्हणून ही निवड कशी करावी, याचा नीट विचार व्हायला हवा.

हा विचार वसईजवळच्या चिंचोटीसारख्या ठिकाणी तर विशेष रंगतो. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि नायगावकडच्या नव्या इमारती. जुन्या गावांच्या शेजारी कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबं राहतात, आणि प्रत्येकाच्या मुलखात पुरुषाने बाई रंगवण्याची आपापली रीत आहे. रत्नागिरीच्या नमनात गौळणी आणि त्यांची मावशी पुरुषच करत आले. सिंधुदुर्गाच्या दशावतारात राणी, राक्षसी, पतिव्रता सगळ्या पुरुषच उभ्या करतात. देशावरच्या तमाशात गौळणीतली मावशी पुरुषच असते. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवीचा मुखवटा पुरुषाच्या चेहऱ्यावर चढतो. अशा स्त्रीवेशाच्या कलेसाठी 'ड्रॅग' हा शब्द आपल्याकडे हल्ली आला, पण ही कला इथल्या मातीला नवी नाही.

भामिनीपासून मावशीपर्यंत

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवरच्या नायिका मुलगे आणि पुरुष करत होते. बायकांना रंगमंच बंद होता, म्हणून ही सोय. पण त्या सोयीतून एक मोठी कला घडली. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि त्यांच्यानंतर बालगंधर्वांच्या नायिका लोकांनी डोक्यावर घेतल्या. १९२१ च्या 'संयुक्त मानापमान'मध्ये केशवराव भोसल्यांच्या धैर्यधरासमोर बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले, ती आठवण आजही सांगितली जाते. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब त्या काळच्या घरंदाज स्त्रिया उचलत. ज्यांचं सोंग घ्यायचं, त्यांनीच सोंगाकडून शिकावं, एवढी बालगंधर्वांची नजर बारीक होती.

१९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या अभिनेत्री उभ्या राहिल्या आणि गंभीर नाटकातला स्त्रीपार्ट हळूहळू मागे पडला. ते योग्यच झालं. विनोदी नाटकात मात्र तो टिकला, कारण तिथे पात्र पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असणं हाच विनोदाचा पाया असतो. ब्रँडन थॉमस या इंग्रज लेखकाचं 'चार्लीज आंट' १८९२ मध्ये रंगमंचावर आलं आणि लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनी त्यातून 'मोरूची मावशी' उभी केली. पुढे विजय चव्हाणांनी ती अशी केली की आजही मावशी म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवतो.

हशा कुठून येतो

'मोरूची मावशी'चं यंत्र साधं आहे. मुलींना घरी बोलवायचं तर घरात वडीलधारी बाई हवी. खरी मावशी वेळेवर पोहोचत नाही, म्हणून मित्राला मावशी व्हावं लागतं. मग म्हातारे तिच्या प्रेमात पडतात आणि शेवटी खरी मावशी दारात येते. हसू येतं ते अडकलेल्या माणसाच्या तारांबळीचं. साडीतल्या त्या तरुणाला तिथून पळायचंय आणि पळता येत नाही. म्हणजे मावशी करणारा नट एकाच वेळी दोन भूमिका करतो: वरून मावशी, आतून घाबरलेला मुलगा. विजय चव्हाणांच्या कामात हे दोन्ही एकाच क्षणी दिसत.

जिथे हा आतला मुलगा हरवतो, तिथे उरतं ते फक्त कंबर हलवणं, पदराशी चाळा आणि चिरका आवाज. मग प्रेक्षक बाईलाच हसायला लागतात. टीव्हीवरच्या किती तरी प्रहसनांत हेच होतं. याउलट, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि नंतर वैभव मांगले यांनी केली. ती पाहताना मुलं घाबरतात, खदखदून हसतात, पण हसतात ते चेटकिणीच्या उचापतींना. बाईपणाची टिंगल तिथे लागतच नाही.

ऑडिशन कशी घ्यावी

पहिल्या फेरीत सगळ्यांकडून वाचन करून घ्यावं, पण आवाज बारीक न करता. शब्दांच्या लयीतून बाई उभी राहते का, ते ऐकावं. दुसऱ्या फेरीत असा प्रसंग द्यावा, जिथे नटाला मित्राशी मुलगा म्हणून बोलता बोलता पाहुणे येताच मावशी व्हावं लागतं आणि ते वळताच पुन्हा मुलगा. हा पालट स्वच्छ जमणारा नट आपला. तिसऱ्या फेरीत नऊवारी नेसवून चालायला, बसायला, चहा द्यायला सांगावं. कासोटा घातलेली बाई कशी ठाम पावलं टाकते, हे आई-आजीला पाहिलेल्या नटाला लगेच कळतं. ते न पाहिलेला नट लचकत चालतो.

तितकीच काळजी मावशीच्या प्रेमात पडणाऱ्या म्हाताऱ्याच्या निवडीची घ्यावी. त्याचा मावशीवर मनापासून विश्वास हवा. प्रेक्षकांकडे बघून डोळा मारणारा नट या भूमिकेला घेऊ नये, कारण त्याचा विश्वास सुटला की नाटकाचा धागाच तुटतो.

स्त्रीवेश हेच ज्यांचं काम आहे, अशा कलावंतांवरचं नाटक असेल तर जबाबदारी वाढते. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा आठवा. तमाशाच्या फडाला नाच्या मिळत नाही म्हणून पैलवानी अंगाचा हा माणूस स्वतः नाच्या होतो आणि गावाची हेटाळणी झेलतो. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत वर्षानुवर्षं नाच्या केला आणि त्या भूमिकेचा शिक्का पडद्याबाहेरही सोसला. स्त्रीवेश करणारा कलावंत, तृतीयपंथी व्यक्ती आणि वेष पालटून लपलेला तरुण ही तीन वेगळी माणसं आहेत. संहितेत यांतलं कोण आहे, ते दिग्दर्शकाने ऑडिशनच्या सुरुवातीलाच सांगावं. आणि तृतीयपंथी पात्र असेल तर त्या समाजातल्या कलावंतांनाही ऑडिशनचं बोलावणं द्यावं.

संहिता आणि परवानगी

अत्रे १९६९ मध्ये गेले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून 'मोरूची मावशी'साठी २०२९ अखेरपर्यंत परवानगी घ्यावीच लागेल. ब्रँडन थॉमस १९१४ मध्ये वारले. त्यांच्या मूळ इंग्रजी नाटकावरून आपल्याला मुक्तपणे नवं रूपांतर करता येतं. वसई पट्ट्यातल्या आगरी, वाडवळी किंवा कादोडी बोलीत बोलणारी मावशी किती गोड होईल! ते लिहायला कुणी तरी बसायला हवं. नवी संहिता झाली की जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये.

राहता राहिली तालमीच्या खोलीची शिस्त. ज्या मुलाने मावशी केली, त्याला पुढे वर्षभर गावात 'मावशी' म्हणून हाका मारणारे मित्र आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या भीतीनेच कितीतरी चांगले नट ऑडिशनला येत नाहीत. मंडळाच्या अध्यक्षाने पहिल्याच दिवशी बजावावं की इथे कुणालाही टोपणनाव पडणार नाही आणि मावशी करणाऱ्याचं नाव जाहिरातीत नायकाच्या बरोबरीने छापलं जाईल. चिंचोटी, कामण, नायगावच्या मंडळांनी यंदा एवढं करून पाहावं. मावशीच्या भूमिकेसाठी नट शोधत फिरावं लागणार नाही, नटच पुढे येऊन ती मागून घेतील.